रस्त्याचं काम चालू आहे आणि बोर्ड खोटं बोलतोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तुमच्या पत्रांच्या पानावर मुंबई-गोवा हायवेबद्दल चार-पाच पत्रं तरी आली असतील आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, रस्ता पूर्ण कधी होणार. मला त्याबद्दल काही लिहायचं नाहीये. पनवेल ते इंदापूरचं काम २०११ ला सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती कॉलेजला आहे आणि स्वतःची स्कूटी मागतेय, त्यामुळे कधी होणार हे विचारणं मी सोडून दिलंय. मला लिहायचंय ते तोपर्यंतच्या दिवसांबद्दल. म्हणजे काम चालू असलेल्या रस्त्यावरून रोज जायचं कसं आणि संध्याकाळी सगळ्या हाडांसकट घरी यायचं कसं. हे लिहिण्याचा अधिकार मला माझ्या डाव्या मनगटाने दिलाय, ते सांगतेच.

मी रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. घर ते शाळा १४ किलोमीटर, त्यातले ११ हायवेचे. आता त्याला एनएच ६६ म्हणतात, आमच्याकडचे जुने लोक अजून सतराच म्हणतात. हे ११ किलोमीटर मी रोज दोनदा स्कूटीवरून जाते आणि गेल्या काही वर्षांत त्यातला एकही किलोमीटर सलग महिनाभर एकसारखा राहिल्याचं मला आठवत नाही. आज डावीकडून जा, उद्या उजवीकडून, परवा मोरीचं काम काढलं म्हणून मधेच खाली मातीत उतरा आणि परत वर चढा, आणि हे सगळं रात्रीत बदलतं, कोणी दवंडी पिटत नाही.

गेल्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. केंद्राची मीटिंग लांबली, निघायला सव्वासहा झाले, नोव्हेंबरात तेव्हा काळोख पडायला लागलेला असतो. सकाळी मी गेले तेव्हा जुना डांबरी रस्ता चालू होता आणि त्याच्या शेजारी काँक्रीटची नवी पट्टी तयार होऊन पडली होती. दुपारी कधीतरी वाहतूक काँक्रीटवर घेतली आणि डांबर खणायला काढलं. हे मला कळावं म्हणून तिथे काय ठेवलं होतं तर दोन मोठे दगड, एक आंब्याचा टहाळा आणि एक निळा ड्रम. ड्रमला चुन्याचे पट्टे मारलेले पण रेडियम नाही, त्यामुळे लाईट पडला तरी चमकणार काय. त्यात समोरून येणाऱ्या डंपरचा अप्पर डोळ्यांवर. मी ड्रमच्या डाव्या बाजूने गेले, रोज जाते तशी, आणि पुढचं चाक एकदम खाली. फूटभर खोल असेल, जास्त नाही, पण स्कूटीला फूटभर म्हणजे विहीरच.

मागून एक टेम्पो येत होता. त्या ड्रायव्हर दादांनी आधी मला उचललं नाही. आधी टेम्पो खड्ड्याच्या तोंडाशी आडवा लावला, चारही इंडिकेटर चालू केले, क्लीनरच्या हातात मोबाईलची बॅटरी देऊन त्याला मागे लांब उभं केलं आणि मग खाली उतरले. मला तेव्हा खरं सांगू तर रागच आला, मी इथे कण्हतेय आणि हा माणूस गाडी पार्क करतोय! नंतर प्लॅस्टरमध्ये बसल्या बसल्या डोक्यात प्रकाश पडला की मागून येणारी दुसरी गाडी माझ्या अंगावर पडू नये म्हणून ते चाललं होतं. मग १०८ ला फोन, हॉस्पिटल, मनगटाचं हाड, सहा आठवडे. खडू उजव्या हातात धरते म्हणून निभावलं.

आता काँट्रॅक्टरला शिव्या देणं सोपं आहे आणि त्या मी दिल्याही, भरपूर दिल्या. पण संपादक साहेब, माझी चूक मला माहिती आहे. त्या ठिकाणाच्या आधी 'पुढे डायव्हर्जन आहे' असा बाण काढलेला पिवळा बोर्ड होता. होता म्हणजे गेले सात महिने होता. पहिल्या आठवड्यात तो बघून मी वेग कमी केला, पुढे काहीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पण काही नव्हतं. मग मी त्याच्याकडे बघणं बंद केलं, जसं आपण देवळाबाहेरच्या 'चपला येथे काढू नयेत' कडे बघत नाही तसं. आणि ज्या दिवशी तो बोर्ड पहिल्यांदा खरं बोलला त्या दिवशी मी त्याच्या पुढून पन्नासच्या वेगाने गेले. वाट पाठ आहे ना! मुलांना रोज सांगते पाठांतर करू नका, समजून लिहा, आणि स्वतः रस्ता पाठ करून चालवत होते.

माझं म्हणणं सगळं याच्यातच आहे. काम चालू असलेल्या रस्त्यावर सगळ्यात जास्त घात करते ती आपली सवय. मुंबईहून पहिल्यांदा आलेला माणूस उलट बिचकत बिचकत चालवतो, काच खाली करून विचारतो. आम्ही रोजचे. आमच्या डोक्यात कालचा रस्ता असतो आणि चाकाखाली आजचा. आणि ही सवय लावायला अर्धे जबाबदार हे खोटे बोर्ड आहेत. काम संपून चार महिने झाले तरी 'काम चालू रस्ता बंद' तसाच उभा, रस्ता उघडा, गाड्या सुसाट चालल्यात. वेगमर्यादा २० चा बोर्ड चांगल्या सरळसोट काँक्रीटवर, तिथे एसटीसुद्धा वीसने जात नाही, कोणीच जात नाही. मग जिथे खरोखर वीसनेच जायला पाहिजे तिथला वीस कोण मानणार. लांडगा आला रे आला वाल्या पोराची गोष्ट आम्ही मुलांना शिकवतो, ती या बोर्ड लावणाऱ्यांना पण शिकवायला पाहिजे.

असं नाही की आपल्याकडे नियम नाहीत. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने काम चालू असलेल्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी वेगळं पुस्तकच काढलंय, एसपी ५५ म्हणतात त्याला, २०१४ ला सुधारून काढलेलं. एका इंजिनिअर झालेल्या माजी विद्यार्थ्याने मला त्याच्यातलं समजावून सांगितलं. कामाच्या जागेचे टप्पे करायचे. आधी नुसती सूचना देणारा टप्पा, मग गाड्यांना हळूहळू बाजूला घेणारा निमुळता टप्पा, मग प्रत्यक्ष काम, आणि ते संपलं की गाड्या परत आपापल्या जागी नेणारा शेवटचा टप्पा. पहिला बोर्ड किती आधी आणि निमुळता भाग किती लांब हे रस्त्यावरच्या वेगावर ठरतं, वेग जास्त तर बोर्ड जास्त आधी. साधं डोकं आहे त्यात. आमच्याकडे काय होतं तर सूचना, निमुळतं आणि काम हे तिन्ही टप्पे एका निळ्या ड्रममध्ये बसवलेले असतात. आणि शेवटचा टप्पा तर कुठेच नसतो, डायव्हर्जन संपलं हे आपल्याला समोरून येणारा माणूस शिव्या देतो तेव्हा कळतं.

नीट करता येतं, केलेलंही आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात परशुराम घाटात डोंगर कापायचं काम होतं तेव्हा दुपारचे ठरलेले तास घाट बंद ठेवायचे, वेळ आधीच जाहीर केलेली, छोट्या गाड्यांना चिरणी-आंबडसवरून रस्ता दिलेला. लोकांनी कुरकुर केली, चिरणीचा रस्ता अरुंद, वेळ जास्त लागायचा, सगळं खरं. पण काय बंद आहे, कधी बंद आहे, कुठून जायचं हे पोराटोरांना माहिती होतं. त्या वेळी चिपळूणला जायचं असलं की घरात पहिला प्रश्न असायचा, घाट किती वाजेपर्यंत चालू आहे. म्हणजे सूचना खरी असली की लोक ती पाळतात हो, आपल्याकडचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत.

आता झेंडेवाल्यांबद्दल. आमच्या शाळेचा पट १९, त्यातली ४ मुलं रस्त्याच्या कामावरच्या मजुरांची. (हायवे पूर्ण झाला की ती जाणार आणि पट १५ वर येणार, मग शाळेचं काय होणार हा वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र लिहीन.) त्यातला एक झारखंडचा, तिसरीत. मराठी झकास शिकलाय, मधेमधे हिंदी घुसते. 'माझे बाबा' या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. त्याने तीनच लिहिल्या. माझे बाबा रोडवर काम करतात. माझे बाबा झेंडा दाखवून गाडी रोकतात. पण गाडी रुकत नाही. मी 'रोकतात' ला लाल पेनाने गोल करणार होते, तो पेन तसाच खाली ठेवला.

त्याचे बाबा मला रोज दिसतात. अंगात नारिंगी जाकीट, त्याच्या रेडियमच्या पट्ट्या धुळीने मेलेल्या, तोंडाला गमछा, एका हातात लाल झेंडा एका हातात हिरवा. हिरवा म्हणजे कोणाच्या तरी जुन्या साडीचा तुकडा काठीला बांधलेला. एका बाजूचा रस्ता बंद असतो तेव्हा दोन टोकांना दोन माणसं उभी असतात आणि मधे वळण असलं की एकमेकांना दिसत नाहीत. मग हे चालतं फोनवर. इकडचा तिकडच्याला सांगतो, 'आखिरी गाडी सफेद वॅगनार, उसके बाद छोड़ना'. तिकडचा सफेद वॅगनार येईपर्यंत त्याच्या बाजूच्या गाड्या धरून ठेवतो. आता तुम्ही विचार करा, वॅगनार सुटल्यानंतर इकडचा लाल झेंडा दाखवतोय आणि एखादा बाईकवाला 'अरे मला काय, मी कडेने जातो' म्हणून घुसला. तो कोणाच्याच हिशेबात नाही. तिकडे वॅगनार पोचली, झेंडा हिरवा झाला, समोरून ट्रक सुटला आणि मधल्या वळणावर हा एकटा. मी स्वतः हे डोळ्यांनी बघितलंय, नशिबाने ट्रक रिकामा होता आणि ब्रेक लागला. शिव्या मात्र झेंडेवाल्याने खाल्ल्या, दोन्हीकडून. मला आधी हे फोनचं गणित माहितीच नव्हतं, मी पण दोन-तीनदा अशी घुसलेली आहे, शाळेला उशीर होतोय म्हणून. शाळेला उशीर!

सातवीच्या मुलांना वेगाचं गणित शिकवताना मी आता हेच उदाहरण देते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आमची वर्गखोली साधारण ७ मीटर लांब, म्हणजे एका सेकंदात तीन वर्ग पार. डोळ्याला दगड दिसला, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला एक सेकंद तरी जातोच, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन वर्ग गेले. ताशी ४० ला हेच ११ मीटर. आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते वेग अर्धा केला की अर्धं होत नाही, पाव होतं. हे मुलांना पटत नाही, मग ग्राउंडवर सायकलवरून करून दाखवावं लागतं. एका मुलीने विचारलं बाई मग तुम्ही किती स्पीडला पडलात. सांगितलं पन्नास. तिने तिथल्या तिथे हिशेब केला, जवळजवळ १४ मीटर. म्हणाली बाई तुम्हाला ड्रम त्याच्या आधी दिसला होता का. काय उत्तर देणार, डिपरवर स्कूटीच्या लाईटचा उजेड जेमतेम तेवढाच पडतो आणि त्यात समोरचा अप्पर.

माझे मिस्टर आंब्याच्या सीझनला वाशीला माल घेऊन जातात, रात्रीचं ड्रायव्हिंग, हा रस्ता त्यांनी सगळ्या अवतारांत बघितलाय. ते म्हणतात बोर्डावर भरवसा ठेवू नको, रस्त्याच्या रंगावर ठेव. काळा म्हणजे जुनं डांबर, राखाडी म्हणजे काँक्रीट, आणि लाल म्हणजे माती. रंग बदलला की अॅक्सिलेटर सोडायचा, कुठलाही रंग कुठल्याही रंगात बदलो. काळ्यावरून राखाडीवर जाताना आणि राखाडीवरून काळ्यावर उतरताना लेव्हल कधीच एक नसते, तिथे गाडी उडते. लाल दिसलं की समजायचं इथे काल खणलंय नाहीतर उद्या खणणार आहेत, आणि वर बारीक खडी असणार, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की दुचाकी झोपलीच. मला हे त्यांच्याकडून प्लॅस्टरमध्ये असताना ऐकावं लागलं, लग्नाला वीस वर्षं झाली तेव्हा आधी सांगायला काय झालं होतं असं मी विचारलं, तर म्हणे तू विचारलंस कधी.

त्यांचीच अजून एक गोष्ट, ही खरंच कोणी सांगत नाही. रात्री काही दिसत नसलं की आपण पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे धरून चालतो. बरं असतं ते, पण पुढची गाडी डंपर किंवा मिक्सर असेल तर तिच्या मागे अजिबात जायचं नाही. ती गाडी गोव्याला चाललेली नसते, ती कामावर चाललेली असते. मधेच कुठेतरी वळून खडीच्या ढिगाऱ्याकडे जाते आणि तिच्या मागोमाग आपण पण, आणि मग ती रिव्हर्स घ्यायला लागते. तिच्या ड्रायव्हरला मागे स्कूटी आहे हे कळायचा काही मार्गच नसतो.

पावसाळ्याचं फार लिहीत नाही, कोकणातल्या माणसाला काय सांगायचं. कटिंगची लाल माती वाहून रस्त्यावर येते आणि साबण होतो. पाणी साचलंय तिथे खाली खड्डा आहे की खणलेला चर हे पुढची गाडी जाईपर्यंत कळत नाही, आणि अर्धवट कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी पाऊस थांबायची वाट बघत उभं राहू नये. तसंच बांधकाम चालू असलेल्या पुलाच्या खाली पण. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर काम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग खाली आला होता, आठवत असेल, नशीब थोर म्हणून खाली कोणी सापडलं नाही. तरी अजून लोक सावली म्हणून असल्या पुलाखालीच गाड्या लावतात, शेजारी शहाळीवाला पण येऊन बसतो.

आता गणपती. चाकरमानी आमचेच आहेत, माझा दीर पण त्यातलाच, त्यामुळे रागावू नका. पण तुम्ही मुंबई-ठाण्यातून रात्रभर चालवून येता, झोप डोळ्यांवर, घरी आरतीच्या आधी पोचायचं म्हणून घाई, आणि तुमच्या डोक्यात मागच्या वर्षीच्या गणपतीचा रस्ता असतो. माझ्या डोक्यात कालचा होता तर मी पडले, तुमच्या डोक्यात वर्षापूर्वीचा! २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एकच बाजू उघडली होती, दरवर्षी व्यवस्था वेगळी असते, कुठला पूल चालू कुठला सर्व्हिस रोडने, हे निघायच्या आधी एक फोन गावाला करून विचारायला काय जातं. अवजड गाड्या त्या दिवसांत बंद ठेवतात तरी ट्राफिक का तुंबतं, तर दोन लाईन एक होते तिथे तिसरी लाईन लावतात म्हणून. एक गाडी रांग सोडून उजवीकडून पुढे जाते, तिच्या मागे दहा, समोरून एसटी येते आणि सगळं कुलूपबंद. मग त्या एसटीच्या मागे अँब्युलन्स अडकते. निमुळत्या जागी एक इकडची एक तिकडची असं सोडलं तर रांग हलत राहते, हे मी मुलांना पाणी प्यायला सोडताना रोज बघते, एका नळावर दोन रांगा, भांडण नाही. मोठ्यांना जमत नाही.

आणि तो मॅप. मॅप वाईट नाही, मी पण वापरते, पण आमच्या इथला रस्ता आम्हाला माहिती नसतो तर त्या मॅपमधून बोलणाऱ्या बाईला कुठून माहिती असणार. उत्तर प्रदेशात बरेली-बदायूंकडे २४ नोव्हेंबर २०२४ ला एक कार मॅप बघत रामगंगा नदीच्या पुलावर चढली, पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात गेलेला होता आणि तोंडाशी अडवायला काही नव्हतं. कारमधले तिघे गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्याकडच्या अर्धवट पुलांची तोंडं मनातल्या मनात मोजली. प्रत्येकाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकलेला आहे, मान्य. पण त्या ढिगातून दुचाकी जाईल एवढी वाट पाडलेली असते, आपल्याच लोकांनी, दोन मिनिटं वाचवायला. आठ दिवसांत त्या वाटेची रुंदी रिक्षाएवढी होते. रात्री दिव्याच्या उजेडात तो चालू रस्ताच वाटतो. कामावरची माणसं परत ढीग सारखा करतात, परत वाट पडते. याला काँट्रॅक्टर काय करणार सांगा.

कायद्याचं पण थोडं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं. रस्त्याचं काम करणाऱ्याने ठरलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यातून कोणी मेलं किंवा अपंग झालं तर काँट्रॅक्टर, सल्लागार, संबंधित खातं यांना १ लाखापर्यंत दंड. ऐकून बरं वाटलं आणि लगेच वाईट पण वाटलं. माझं मनगट जुळलं, म्हणजे मी यात बसत नाही. बसायचं असेल तर मरायला नाहीतर अपंग व्हायला पाहिजे. आणि कोट्यवधींच्या कामात १ लाख म्हणजे काय ते तुम्हीच बघा. त्यापेक्षा मला साधी गोष्ट पाहिजे. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तारीख लिहा. हा बोर्ड अमुक तारखेला लावला, अमुक तारखेपर्यंत खरा. तारीख उलटली की काढा, नाहीतर त्याच्यावर गोणपाट टाका, गोणपाट तर काँक्रीटवर पाणी मारायला ढीगभर असतातच तिथे. रस्ता वळवायचा असेल तर सकाळी उजेडात वळवा, म्हणजे संध्याकाळी काळोखात येणाऱ्याने निदान एकदा तरी तो बघितलेला असेल, शाळा सुटायच्या ऐन आधी तर वळवूच नका. ड्रमला रेडियम लावा, एका ड्रमच्या पट्टीला कितीसा खर्च येतो. आणि झेंडेवाल्याला रात्री लाल लाईटची काठी द्या, काळोखात कापडाचा झेंडा कोणाला दिसतो.

खड्डा किंवा पडलेला बॅरिकेड दिसला तर राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ वर फोन करता येतो, हे पण छापा, आमच्या स्टाफरूममध्ये मला सोडून कोणालाच माहिती नव्हतं आणि मला पण पडल्यावर कळलं.

आम्ही शाळेत काय केलं ते सांगून थांबते, पत्र फार लांबलंय, कापलंत तरी चालेल पण झेंडेवाल्याचं कापू नका. परिपाठानंतर आता रोज एक मूल 'आजचा रस्ता' सांगतं. हायवेवरून चालत नाहीतर रिक्षाने येणारी मुलं आहेत, ती येता येता बघतात आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात, मोरीपाशी डावीकडून, शेडजवळ खडी, पुलाखाली पाणी. जाताना सगळे शिक्षक ते वाचून निघतात. सुरुवातीला बोर्डांची चित्रं दाखवली होती तेव्हा लाल त्रिकोणातला फावडं मारणारा माणूस बघून पहिलीतलं एक पोरगं म्हणालं बाई हा शेण काढतोय. झारखंडचा तो तिसरीतला लगेच म्हणाला, नाही, तो माझा काका आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जि. रत्नागिरी

ता.क. पत्र पाठवायच्या आधी आज सकाळी मुद्दाम थांबून बघितलं. तो 'पुढे डायव्हर्जन आहे' वाला बोर्ड अजून त्याच जागी आहे. डायव्हर्जन मात्र सरकत सरकत त्याच्या दोनशे मीटर अलीकडे आलंय, म्हणजे बोर्ड दिसेपर्यंत वळण होऊन गेलेलं असतं. आणि बाणाच्या खाली कोणीतरी दहावीच्या क्लासेसची जाहिरात चिकटवलीय.